एका ताम्रपटाची मिळकत

राष्ट्राला ज्ञानावर आधारलेली अर्थव्यवस्था हवी, हे वाक्य हल्ली सभासमारंभांतून इतके कानी पडते की, ज्ञानाचाही सोन्याप्रमाणे रोजचा भाव वर्तमानपत्रांत छापून येत असावा, असे वाटावे! पण विद्यापीठातले संशोधन खरोखर काय मिळवून देते, हे पाहायला दिल्ली-मुंबई गाठण्याचे कारण नाही. वाचकांनी वऱ्हाडातल्या वाशीमला यावे.

१९३९ साली येथे एक ताम्रपट मिळाला. वंशावळ संस्कृतात, दानाचा मजकूर प्राकृतात. देणारा राजा वाकाटक घराण्यातला दुसरा विंध्यशक्ती. पत्र निघाले ते वत्सगुल्माहून, म्हणजे आपल्या वाशीमहूनच. वाकाटकांची ही शाखा तोवर इतिहासाला धड ठाऊक नव्हती. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला लेख झिजलेला. त्यातले सर्वसेन हे नाव जुन्या विद्वानांना लागले नव्हते. ताम्रपटात ते स्पष्ट निघाले आणि त्याच्या उजेडात अजिंठ्याचा लेखही नव्याने वाचता आला. हा सर्वसेन म्हणजे ‘हरिविजय’ ह्या प्राकृत काव्याचा कर्ता, असे अभ्यासक मानतात. काव्य आज हाती नाही. आनंदवर्धनासारख्यांनी त्याचा उल्लेख केला म्हणून ते होते एवढे कळते. मराठी शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला ह्याचे अप्रूप अधिक, हे उघड आहे.

ताम्रपट हाती येणे दैवाधीन असेल. वाचणारा मात्र तयार करावा लागतो. नागपूरला संस्कृत शिकविणारे वा. वि. मिराशी तसे तयार होते. त्यांचा वाकाटक लेखांचा मोठा ग्रंथ निघाला १९६३ साली. मधल्या चोवीस वर्षांत कोणी ‘ह्याला बाजारात किंमत किती?’ असे विचारले असते, तर काय उत्तर देणार?

२०२३ साली संसदेने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला. पाच वर्षांत पन्नास हजार कोटींची योजना. त्यातला मोठा वाटा उद्योगांकडून यावा, अशी अपेक्षा. उद्योग औषधाला, यंत्राला पैसे देतील; ताम्रपटाला कशाला देतील? त्यांचा दोष नाही. तो भार सरकारने आणि विद्यापीठांनीच उचलायचा. पण आपल्याकडे प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात आणि तासिका तत्त्वावरचा अध्यापक ह्या महाविद्यालयातून त्या महाविद्यालयात धावत असतो. त्याने ब्राह्मी लिपी शिकायची केव्हा? घरभाडे भागल्यावर?

आणि हे केवळ जुन्याचे कौतुक नव्हे. वाशीमजवळच्या हिस्से बोराळ्याला शके ३८०चा, म्हणजे इसवी सन ४५८च्या सुमाराचा शिलालेख मिळाला आहे. देवसेन राजाच्या स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याने सुदर्शन नावाचे तळे बांधल्याची त्यात नोंद आहे. ज्या मुलखात शेतकरी आजही आभाळाकडे डोळे लावून सोयाबीन पेरतो, तेथे दीड हजार वर्षांपूर्वी पाणी कसे अडविले, हा विषय एकट्या इतिहासाचा कसा राहील? लेख वाचणारा, भूगर्भ जाणणारा आणि कोरडवाहू शेतीचा अभ्यासक, तिघे एका टेबलाशी बसले पाहिजेत. अमरावतीचे विद्यापीठ, अकोल्याचे कृषी विद्यापीठ, दोन्ही काही फार लांब नाहीत. प्रवासखर्च कोणत्या खात्यातून निघायचा, तेवढे मात्र आधी ठरवावे लागेल.