वाट वळविणारी झडप

टर्बोचार्जर बसविलेली वेगवान मोटार भरधाव असताना चालकाने अ‍ॅक्सिलरेटरवरून एकाएकी पाय उचलला, तर कित्येकदा 'फुस्' असा एक लहानसा निःश्वास ऐकू येतो. काही हौशी मोटारधारकांना तो इतका प्रिय असतो की तो मोठ्याने ऐकू यावा म्हणून ते पुष्कळ द्रव्य वेचतात. परंतु तो निघतो कोठून, आणि ज्या भागातून निघतो तो भाग बदलल्याने पदरात नेमके काय पडते, याची चौकशी फारशी कोणी करीत नाही.

मोटारीचे इंजिन जितके पेट्रोलवर तितकेच हवेवर जगते. वजनाने एक भाग पेट्रोल पुरते जळावयाचे तर त्यास सुमारे १४.७ भाग हवा लागते. तेव्हा इंजिनाची शक्ती वाढवावयाची म्हणजे त्याच्या पोटात अधिक हवा कोंबावयाची. हे काम इंजिनातून वाया जाणाऱ्या तप्त वायूंकडूनच करून घेण्याची युक्ती आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याला सुचली आणि १९०५ साली त्याने तिचे पेटंट मिळविले. बाहेर पडणारे वायू एका लहान टर्बाइनला फिरवितात. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास असलेला पंखा बाहेरची हवा ओढून ती दाबतो आणि इंजिनाकडे धाडतो. दाबलेली हवा तापते, म्हणून वाटेत ती इंटरकूलरमधून नेऊन थंड करतात. मोटारींतील टर्बोचार्जरचा हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात ध्यानी ठेवावी लागेल.

भारतातील रस्त्यांवर धावणाऱ्या असंख्य मालमोटारींनाही टर्बोचार्जर असतो, पण त्यांच्या चालकांना या झडपेची कधी आठवण होत नाही. याचे कारण असे की, डिझेल इंजिनाची शक्ती आत जाणाऱ्या इंधनाचे प्रमाण कमीअधिक करून आवरली जाते; हवेचा मार्ग सामान्यतः मोकळाच राहतो. पेट्रोल इंजिनाचे तसे नाही. तेथे हवेच्या नळीत थ्रॉटलची चकती असते आणि चालकाने पाय उचलताच ती मिटते. टर्बोच्या पंख्याला मात्र याची वार्ता नसते. तो आपल्या प्रचंड वेगाने हवा पुढे ढकलीतच असतो आणि पुढे दार बंद!

अशा वेळी कोंडलेल्या हवेचा दाब क्षणार्धात चढतो. पंख्यातून वाहणारी हवा एका विशिष्ट मर्यादेच्या खाली गेली की त्याच्या पात्यांची तिच्यावरील पकड सुटते आणि तीच हवा उलटी फिरून पंख्यावर आदळते. दाब थोडा उतरला की पंखा पुन्हा हवा ढकलू लागतो, पुन्हा पकड सुटते, आणि ही ओढाताण सेकंदात कित्येक वेळा चालते. कबुतरांचा थवा एकदम उडावा तशी फडफड तेव्हा कानी येते. इंग्रजीत हिला 'सर्ज' म्हणतात. तिच्यामुळे दांड्यावरील दाबाची दिशा वारंवार पालटते आणि त्यास पुढेमागे सरकू न देणाऱ्या बेअरिंगवर आघात होत राहतात. शिवाय पंख्याचा वेगही मोडतो, तो पुन्हा जमवावा लागतो, आणि मधल्या काळात गाडी आळसावल्यासारखी वाटते.

डायव्हर्टर व्हॉल्व्ह नेमका याच अडचणीसाठी योजिलेला असतो. त्याची रचना पाहिली म्हणजे तिच्या साधेपणाचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. एका डबीत रबराचा पडदा आणि त्यावर स्प्रिंग. पडद्याच्या खालच्या अंगास टर्बोकडून येणारी दाबलेली हवा, आणि वरच्या अंगास एका बारीक नळीने जोडलेली थ्रॉटलच्या पलीकडील, म्हणजे इंजिनाजवळची, हवा. चकती उघडी असेपर्यंत दोन्हीकडे जवळजवळ सारखाच दाब असतो. तो परस्पर फिटतो आणि स्प्रिंगच्या जोरावर झडप मिटलेली राहते. चकती मिटली की इंजिन पलीकडची हवा शोषून घेते, तेथे निर्वात उत्पन्न होतो, पडदा वरून ओढला जातो आणि खालून लोटला जातो. झडप उघडते, आणि कोंडलेली हवा वळसा घेऊन पुन्हा पंख्याच्या मुखाशी जाते. पंखा निर्वेधपणे फिरत राहतो.

हवा परत आत का न्यावयाची, बाहेर का सोडून देऊ नये, हा प्रश्न साहजिक आहे. बाहेर सोडली तर तो प्रिय आवाज चांगला मोठा होतो खरा. पण ज्या मोटारींत आत येणारी हवा मोजणारे यंत्र टर्बोच्याही अगोदर बसविलेले असते, तेथे ही हवा आधीच मोजली गेलेली असते. संगणक तिच्या हिशेबाने पेट्रोल देतो आणि हवा तर निसटून गेलेली! मिश्रणात पेट्रोल अधिक होते, इंजिन अडखळते, आणि न जळलेले इंधन कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्यास तापविते. एवढी किंमत देऊन विकत घेतलेला आवाज मोटारीला तसूभरही वेग देत नाही.

जर्मनीतील पोर्शे कंपनीने २००० साली बाजारात आणलेली ९११ टर्बो, जिला जाणकार ९९६ या अंतर्गत क्रमांकाने ओळखतात, हे या बाबतीत चांगले उदाहरण आहे. ३.६ लिटरचे तिचे सहा सिलिंडरांचे इंजिन मागील भागात बसविलेले, शक्ती ४२० अश्वशक्ती, टर्बोचार्जर दोन. त्यामुळे डायव्हर्टर व्हॉल्व्हही दोन. मूळ झडपा प्लॅस्टिकच्या देहाच्या आणि रबरी पडद्याच्या आहेत. त्या हलक्या असल्याने चपळ आहेत, स्वस्तही आहेत. परंतु इंजिनाची उष्णता आणि हवेबरोबर येणारी तेलाची वाफ वर्षानुवर्षे सोसून रबर ताठरते आणि कधीतरी चिरते. मग दाबलेली हवा ऐन गरजेच्या वेळी त्या चिरेतून मागे निसटते. ठरलेला दाब गाठण्यासाठी टर्बोला अधिक वेगाने फिरावे लागते, हवा अधिक तापते, शक्ती घटते. दोहोंपैकी एकच पडदा फाटला असेल तर ऱ्हास इतका हळूहळू जाणवतो की गाडी म्हातारी झाली असे समजून मालक गप्प बसतो.

येथेच झडप बदलण्याचे खरे प्रयोजन आहे. फाटक्या झडपेच्या जागी नवी आली की गमावलेली शक्ती परत मिळते, आणि 'नव्या झडपेने गाडी केवढी पळू लागली' असे जे सांगितले जाते त्याचा उगम बहुधा एवढाच असतो. जुनी झडप धडधाकट असताना बदलली तर अश्वशक्तीत भर पडण्याचे कारण नाही. टर्बोचा कमाल दाब ठरविणारा भाग निराळाच आहे. तो वेस्टगेट होय, आणि त्याचे काम तप्त वायूंच्या बाजूस चालते. मात्र संगणकातील योजना बदलून कोणी दाब वाढविला असेल, तर मूळच्या पडद्याला तो भार पेलवेलच असे नाही. तेथे अधिक बळकट झडप शोभेचे लेणे न राहता गरजेची वस्तू होते.

बळकट झडपा दोन प्रकारच्या मिळतात. एक जाड पडद्याची. दुसरी धातूच्या दट्ट्याची, जिच्यात पडदाच नसल्याने फाटण्याची भीती उरत नाही. दट्ट्याचा बडेजाव फार आहे, पण तो पडद्याहून जड असतो, त्याच्या रबरी कड्या झिजतात, आणि तेलाची चिकट घाण साचली की तो अडकू लागतो. तेव्हा ठराविक काळाने उघडून पुसणे व वंगण देणे आले. स्प्रिंगविषयीही गैरसमज बराच आहे. जितकी ताठ तितकी चांगली, असे अनेकांना वाटते. दोन्ही अंगांचा दाब परस्पर फिटतो हे ज्याने जाणले, त्याला अति ताठ स्प्रिंगची निरर्थकता सांगावी लागत नाही: बेताच्या दाबावर ती झडप उघडूच देत नाही आणि जिच्यापासून बचाव करावयाचा तीच फडफड ओढवून घेते.

परीक्षा सोपी आहे. झडप काढून तिच्या वरच्या तोंडास हाताने चालणारा निर्वात-पंप लावावा. पडदा उचलला गेला आणि काट्यावरचा आकडा स्थिर राहिला तर झडप शाबूत. आकडा उतरू लागला तर पडदा गेला. ९११ टर्बोत दोन्ही झडपा तपासणे आणि बदलावयाच्या झाल्यास जोडीने बदलणे इष्ट, म्हणजे दोन्ही टर्बो एका चालीने चालतात. त्याच वेळी इंजिनाकडून येणारी बारीक रबरी नळीही वाकवून पाहावी. तिला तडा गेलेला असेल तर कितीही मोलाची झडप बसविली तरी तिला उघडण्याचा इशाराच पोहोचत नाही. आणि ती नळी बदलावयास झडपेच्या मानाने अगदी थोडे पैसे पडतात.