सुईवाली ताई

माझी धाकटी भाची गेल्या जूनमध्ये डोंबिवलीच्या एका लहान मुलांच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागली. तीन वर्षांचा जी. एन. एम. चा अभ्यासक्रम पुरा झालेला, महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदलेले, आणि मुलांची तर तिला लहानपणापासून हौस. शेजारपाजारचे कोणाचेही तान्हे रडू लागले की ते हिच्या कडेवर द्यायचे, असा आमच्याकडे रिवाजच पडून गेला होता. तेव्हा हिला हे काम म्हणजे आवडीचा खेळच, असे साऱ्यांना वाटले. आठव्या दिवशी रात्री ती माझ्याकडे आली आणि चपला काढायच्या आतच म्हणाली, "मावशी, पोरं मला पाहिली की भोकाड पसरतात गं!"

मी हसले. खरे तर हसायला नको होते. मी स्वतः मुंबईच्या एका इस्पितळात मुलांच्या वॉर्डात ३४ वर्षे काढली, आणि पहिल्या महिन्यात मीही एकदा बाथरूमचा नळ सोडून रडले होते. ज्या मुलीला मुले आवडतात तिलाच हा धक्का अधिक बसतो. डॉक्टर तपासतात, हसतात, टॉर्चने गंमत दाखवतात. टोचायचे काम नर्सच्या वाट्याला. मूल त्या चेहऱ्याची खूणगाठ बांधते. भाचीच्या दवाखान्यातली चारपाच वर्षांची मंडळी तिला 'सुईवाली ताई' म्हणतात, हेही तिने त्याच रात्री सांगितले.

यावर तिने पहिला उपाय केला तो सगळेच करतात. "काही दुखणार नाही हं, राजा!" असे म्हणून तिने सुई टोचली. पुढच्या खेपेला तो राजा दाराबाहेरच बसून राहिला. मुलाशी खोटे बोलले की पुन्हा विश्वास मिळवायला वर्ष लागते. "चिमटा काढल्यासारखं होईल, पाच मोजेपर्यंत संपेल," असे खरे सांगून खरोखरच पाचात संपवावे. तान्ह्याला टेबलावर आडवे न दाबता आईच्या मांडीवर घ्यावे. अंगावर पीत असताना टोचले तर पुष्कळ बाळे थोडक्यात गप्प होतात. हे तिला पुस्तकात नव्हते असे नाही. पण बाहेर पंचवीस आया ताटकळत असताना पुस्तकाचे पान नेमके आठवत नाही.

तिची खरी परीक्षा मुले घेत नव्हतीच. ती घेत होत्या आज्या! सव्वा महिन्याच्या बाळाला आजी गुटी उगाळून चाटवतात, मधाचे बोट लावतात, आणि सून बिचारी खाली मान घालून बसते. भाचीने एकदा ताडकन सांगितले, "सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा द्यायचं नाही." आजी म्हणाल्या, "पाच पोरं वाढवली मी! तुझं लग्न तरी झालंय का गं?" सारा दवाखाना हसला. घरी येऊन ही फणफणत होती. मी म्हटले, "अगं, आजींना हरवायला गेलीस तर घरी जाऊन सुनेला ऐकून घ्यावं लागेल. त्याऐवजी आजींनाच कामाला लाव." पुढच्या वेळी तिने विचारले, "आजी, बाळाची मालिश तुम्हीच करता ना? मग श्वास घेताना छाती आत ओढली जाते का, तेवढं तुम्हीच बघत जा हं. तुमच्याइतकी नजर कोणाची नाही." त्या आजी आता दर खेपेला तिच्यापाशी येऊन बाळाचा अहवाल देतात. गुटी पूर्ण थांबली की नाही, हे मात्र सून जाणे.

दुसरा प्रकार शिकलेल्या बापांचा. "पोलिओ आता आहेच कुठे? मग डोस कशाला?" हा प्रश्न तिला पहिल्या महिन्यातच तीनदा आला, आणि तिला धड उत्तर सुचेना. कसे सुचणार? तिने पोलिओचे मूल पाहिलेलेच नाही. मी १९८२ साली वॉर्डात लागले तेव्हा लुळ्या पायाची मुले खांद्यावर टाकून आणणारे बाप रोजचेच होते. आपल्या देशातला शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी हावड्याला सापडला. २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर झाले. रोग गेला तो डोसांमुळे, हे मी सांगते तेव्हा लोक ऐकतात. कारण मी सांगते ते पाहिलेले असते. तिने उसने सांगितलेले कसे ऐकतील, अशी तिला शंका होती. मी तिला म्हटले, "माझं नाव सांग. 'माझी मावशी अशा मुलांना उचलून नेत असे,' असं सांग." आता ती तसेच सांगते.

फ्रिजची कथा थोडक्यात सांगते. लस २ ते ८ अंशांतच राहिली पाहिजे, दिवसातून दोनदा तपमान लिहिले पाहिजे, दारातल्या कप्प्यात लस नको, आणि वीज गेली की दार उघडू नये. हिच्या दवाखान्यात त्याच फ्रिजमध्ये कंपाउंडरची ताकाची बाटली असे. ती काढायला लावली म्हणून तो पंधरा दिवस हिच्याशी बोलला नाही. पेंटाव्हॅलंटची लस एकदा गोठली की कामातून गेली, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. ऑगस्टातली एक संध्याकाळ. तापाची साथ, बाहेर पाऊस, दवाखाना तुडुंब. एक आई दोन मुले घेऊन आली: पाच वर्षांचा मुलगा, १६ किलोचा, आणि आठ महिन्यांची मुलगी, ७ किलोची. दोघांनाही ताप. डॉक्टरांनी दोघांना पॅरासिटामॉलच लिहून दिले. मुलाला सिरप पाच मिली, मुलीला थेंबांचे औषध एक मिली. ऐकायला विचित्र वाटेल, पण थेंबांचे औषध सिरपपेक्षा कडक असते. त्या सिरपच्या पाच मिलीत २५० मिलिग्रॅम, तर थेंबांच्या एकाच मिलीत १००. म्हणजे थेंबांच्या बाटलीतून कोणी चमचाभर, पाच मिली, दिले तर त्या सात किलोच्या जिवाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जाणार. लागते त्याच्या पाचपट. असे दोनचारदा झाले तर यकृतावर बेतते.

भाचीने दोन्ही बाटल्या हातात धरून समजावले. आईने मान हलवली आणि छत्री उघडून ती गेली. साडेआठ वाजता गर्दी ओसरली, केसपेपर लावताना हिच्या पोटात गोळा आला. 'पाच मिली' म्हणताना आपण कोणती बाटली वर केली होती? तिला शपथेवर सांगता येईना. दोन्ही खोकी सारखीच, लाल पट्ट्याची. कदाचित बरोबर सांगितले असेल. बहुधा बरोबरच. डॉक्टर घरी निघाले होते, आणि स्वभावाने तापट. आदल्याच आठवड्यात एका वजनावरून सर्वांसमोर बोलले होते. गप्प बसले तर कोणालाच काही कळणार नव्हते.

ती म्हणते, "मावशी, दोन मिनिटं मी नुसती उभी होते." मग ती जिन्यात धावली आणि डॉक्टरांना गाठून म्हणाली, "सर, मी चुकले की नाही मला ठाऊक नाही, पण खात्री नाही." डॉक्टरांनी एक शब्द न बोलता केसपेपरवरचा फोन नंबर लावला. आई म्हणाली, "देतच होते, चमचा भरलाय." कोणत्या बाटलीतून? लहान बाटलीतून, मुलीला!

चूक हिची की ऐकणाऱ्या आईची, हे कधीच कळणार नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी मेडिकलमधून कोरी पिचकारी आणवली आणि यापुढे थेंबांचे औषध त्यावर खूण करून दाखवायचे, आणि आईने ते परत करून दाखवायचे, असा नियम घातला. आईकडून वदवून घ्यायची ही रीत आम्ही वॉर्डात पाळत असू. दवाखान्याच्या घाईत ती कोणाच्या लक्षात राहिली नव्हती.

पगाराचेही बोलायला हवे, कारण घरोघरी आईबाप तेच विचारतात. २०१६ साली केंद्राने नेमलेल्या समितीने पन्नासहून कमी खाटांच्या खासगी इस्पितळातही नर्सला महिना २० हजारांहून कमी देऊ नये असे सुचवले. पण दवाखान्याला खाटच नसते, त्यामुळे तिथला आकडा मालकाच्या मनावर! शिवाय कसलेही शिक्षण न झालेल्या मुलीलाही पांढरा कोट घालून 'सिस्टर' म्हणायची आपल्याकडे चाल आहे. एका काळी रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनातून बायका नर्सिंग शिकायला ससूनमध्ये गेल्या तेव्हा लोकांनी नावे ठेवली होती. आता शिकून आलेल्या मुलीची किंमत न शिकलेलीइतकी करतो. मला तर हे अधिक लागते.

भाचीने विचारले, "मग मी इथं राहू की मोठ्या इस्पितळात जाऊ?" माझे मत मी सांगून टाकले: दोन वर्षे तरी वॉर्डात काढ. दवाखान्यात बरी होणारीच मुले बहुतेक दिसतात. फार आजारी मूल कसे दिसते, त्याचे रडणे कसे बारीक होते, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गर्दीतून ते ओळखता येत नाही. तिची आई म्हणते, रात्रपाळ्या करून मुलीची प्रकृती जाईल, लग्नाचे वय आहे. हा वाद आमच्या दोघी बहिणींत गणपतीपासून चालू आहे, आणि मी हरायच्या बेतात नाही.

तिने अर्ज भरला आहे. उत्तर यायचे आहे. तोवर दिवाळीतही दवाखाना सकाळी उघडा आहे. फुलबाजीने बोट भाजलेली मंडळी येतातच. पाडव्याला ती माझ्याकडे जेवायला येणार आहे, पण दीडच्या आधी पान वाढू नकोस म्हणाली आहे.