यलोस्टोन : तीन दिवसांच्या प्रवासाची आखणी

आपले मॉरिशस ज्वालामुखीतून वर आले. परंतु तो अग्नी केव्हाच निवाला आहे. त्रू-ओ-सेर्फच्या मुखात झाडी वाढली आहे, आणि गंगा तलावाच्या विवरात आपण भक्तिभावाने दिवे सोडतो. भूमीखालचा अग्नी जागा असता कसा दिसतो, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने अमेरिकेतील यलोस्टोनला जावे. १८७२ साली स्थापन झालेले हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान होय.

आप्तांच्या भेटीगाठींतून तेथे जाण्यास बहुधा दोन-तीन दिवसच उरतात. तेवढ्यात सारे पाहण्याचा हट्ट धरू नये. उद्यानाचा विस्तार सुमारे ९,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बेटाच्या चौपटीहून अधिक. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा मुख्य रस्ता सुमारे २३० किलोमीटरांचा. त्यात बायसन नावाच्या रानबैलांचा कळप आडवा आला की मोटारी जागच्या जागी खोळंबतात. गाडी उजव्या बाजूने हाकावी लागते, हेही आपल्या लोकांनी विसरू नये.

बहुतेक रस्ते नोव्हेंबरच्या आरंभापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत मोटारींस बंद असतात. आपल्या थंडीचे जुलै-ऑगस्ट तेथे ऐन उन्हाळ्याचे व ऐन गर्दीचे. माझ्या मते सप्टेंबरचा पूर्वार्ध उत्तम. उद्यानातील निवासाची सोय कित्येक महिने आधी करावी. २०२६ पासून परदेशी प्रवाशांस माणशी वाढीव शुल्क पडते, तेही हिशेबात धरावे. स्थान २,००० मीटरांहून उंच असल्याने उन्हाळ्यातही रात्री गारठा पडतो. लोकरीचे कपडे हवेतच.

पहिला दिवस ओल्ड फेथफुल या कारंज्यास द्यावा. ते साधारण दीड तासाने उसळते व ३२ ते ५६ मीटर उंच जाते. पुढची वेळ तेथे फलकावर लिहिलेली असते. भूगर्भातील अरुंद नळीत वरच्या पाण्याच्या भाराखाली दडपलेले पाणी उत्कलनबिंदूपलीकडे तापते. थोडे पाणी वर सांडले की भार हलका होतो, आणि खालच्या पाण्याची एकाएकी वाफ होऊन सारा स्तंभ आकाशात झेपावतो.

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. आपले पूर्वज ज्या कोकणातून आले, तेथे राजापूरजवळ आणि तुरळ येथे ऊनपाण्याचे झरे आहेत व त्यांत स्नान पुण्यप्रद मानतात. असे पाणी दिसताच ओंजळभर घेऊन डोळ्यांस लावावे, हा वडीलधाऱ्यांचा संस्कार. यलोस्टोनमध्ये तोच जिवावर बेतेल. कित्येक कुंडांतील पाणी उकळते असते, आणि काठावरची घट्ट भासणारी जमीन पापुद्र्याएवढी पातळ असू शकते. आजवर वीसांहून अधिक माणसे तेथे भाजून मृत्यू पावली आहेत. लाकडी पायवाट सोडू नये, व मुलांचा हात तर मुळीच सोडू नये. (याच उष्णोदकात १९६६ साली थॉमस ब्रॉक यांना सापडलेल्या जीवाणूने पुढे जनुकपरीक्षेचे साधन पुरविले!)

दुसऱ्या दिवशी ग्रँड प्रिझमॅटिकचे रंगीत कुंड व ९४ मीटरांचा लोअर फॉल्स पाहावा. तिसऱ्या दिवशी पहाटेच लामार खोरे गाठावे. बायसन व एल्क हरणांपासून २३ मीटर, अस्वल व लांडग्यांपासून ९१ मीटर दूर राहण्याचा नियम आहे. बायसन गाईसारखा शांत दिसतो; पण तो माणसाच्या तिप्पट वेगाने धावू शकतो. लांडगे तेथून १९२६ पर्यंत नामशेष केले गेले होते. १९९५ व १९९६ साली कॅनडातून ३१ आणून सोडले. त्यांचे दर्शन बहुधा दूरच्या टेकडीवर, ठिपक्याएवढे घडते. तेव्हा दुर्बीण अवश्य न्यावी.