भात पोटरीत, पाऊस गायब

पहाटे साडेचार. बॅटरीच्या उजेडात बांधावरून खाचरात उतरते. भात पोटरीत आलाय आणि पावसाने ओढ दिली आहे. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, पण वडगाव मावळकडे येता येता तो झपाट्याने उतरतो. नेमक्या याच दिवसांत उघडीप लांबली की लोंबीत पोचट दाणे राहतात.

पाचला प्रेशर चेंबर. ब्लेडने पान कापायचं, कापलेलं टोक बाहेर राहील असं चेंबरमध्ये बसवायचं आणि नायट्रोजनचा दाब हळूहळू वाढवायचा. भिंगातून टोकाकडे बघत राहायचं. बारीकसा थेंब चमकला की दाब टिपायचा. दाब जितका जास्त, तितकं पान तहानलेलं. हे उजाडायच्या आतच, कारण रात्री पर्णरंध्रं मिटलेली असतात आणि मुळांजवळ किती ओल आहे ते पानावरूनच कळतं. 

आठ वाजता चहा, नोंदी. खाचराचे मालक काका येतात. “ताई, ओल हाय का अजून?” वरच्या वितीत नाही काका, खाली आहे.

साडेबारा. दिवसाचं खरं काम आता. आंबेमोहर, इंद्रायणी आणि आणखी काही वाण शेजारीशेजारी लावलेत. ऊन तेच, माती तीच. तरी एका वाणाची पानं सुरळी होऊन उभी, दुसऱ्याची अजून उघडी. इन्फ्रारेड थर्मामीटर रोखला तर उघडं पान गार, म्हणजे मुळं अजून पाणी पुरवताहेत. सुरळी झालेलं पान तापतं, पण पाणी राखतं. दोन्ही तऱ्हा बियाण्यातूनच येतात. फिलिपिन्सच्या किनांदांग पातोंग या वाणातलं डीआरओ1 हे जनुक जपानी संशोधकांनी 2013 मध्ये उलगडलं. त्याच्यामुळे मुळं आडवी न पसरता खाली उतरतात.

इंद्रायणी 1987 ची, इथल्याच वडगावच्या कृषी संशोधन केंद्रातली, आंबेमोहर 157 आणि आय.आर. 8 यांच्या संकरातून आलेली. सुवास आंबेमोहरचा. डीआरओ1सारखं काहीतरी इथल्या जुन्या वाणांच्या मुळांतही असणार, आणि त्यांचं बी घराघरांतून नाहीसं होतंय, हे मला सोसवत नाही.

पाचला पुन्हा फेरी: कोणती पानं उलगडली, कोणती नाही. मग ऑगरने प्रत्येक वाणाखालची माती थराथराने काढून, वजन करून, ओव्हनमध्ये 105 अंशांवर. उद्या याच वेळी पुन्हा वजन. कुणी किती खोलचं पाणी ओढलं ते तेव्हा कळेल.