टर्मिनलमधून नोड जेएसचा सर्व्हर सुरू करा, पण तो कोणाकोणाला दिसतो ते आधी बघा

लॅपटॉपवर तीन जीबीचा व्हिडिओ आहे आणि तो फोनमध्ये पाहिजे. व्हॉट्सॲपवर पाठवायला गेलं की साइजची लिमिट आडवी येते. ड्राइव्हवर चढवून परत उतरवायचा तर दिवसाचा डेटा पॅक संपतो. आणि केबल नेमकी कोणीतरी चार्जिंगला नेलेली असते. अशा वेळी मी टर्मिनल उघडतो, एक ओळ टाईप करतो आणि लॅपटॉपचाच सर्व्हर करून टाकतो. फोनच्या ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की फोल्डर समोर. काम दोन मिनिटांचं आहे. याच दोन मिनिटांच्या कामात मी एकदा चांगलाच तोंडघशी पडलोय, तेही पुढे सांगतो.

सर्व्हर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एसी लावलेली थंड खोली आणि लुकलुकणारे दिवे येतात. पण जगातला पहिला वेब सर्व्हर टिम बर्नर्स-ली यांच्या टेबलावरच्या नेक्स्ट कंपनीच्या कॉम्प्युटरवर चालत होता, १९९० साली, सर्न या संशोधन संस्थेत. त्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती, की हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका. म्हणजे सर्व्हर हा खास जातीचा कॉम्प्युटर नसतो, तो एक प्रोग्रॅम असतो. एका पत्त्यावर कान देऊन बसायचं, कोणी काही मागितलं की उत्तर द्यायचं, एवढंच त्याचं काम. हे मागणं आणि देणं ज्या नियमांनी होतं ते एचटीटीपी.

कान देण्याचा पत्ता दोन भागांचा असतो. आयपी ॲड्रेस म्हणजे बिल्डिंग आणि पोर्ट म्हणजे फ्लॅट नंबर. ८०८० किंवा ३००० हे पोर्ट तुम्ही ट्युटोरियलमध्ये सारखे बघितले असतील.

आता जावास्क्रिप्ट यात कुठून आली? ती आधी मुख्यतः ब्राउझरच्या आतच चालायची. २००९ मध्ये रायन डाल याने क्रोमचं व्ही-८ इंजिन ब्राउझरबाहेर काढून नोड जेएस बनवलं. तेव्हापासून एकच भाषा येणारा माणूस वेबपेजही लिहू शकतो आणि सर्व्हरही.

सुरू कसं करायचं

नोड जेएसच्या साइटवरून एलटीएस असं लिहिलेलं व्हर्जन इन्स्टॉल करा. त्याच्यासोबत एनपीएम आणि एनपीएक्स ही दोन टूल्स आपोआप येतात. मग जे फोल्डर फोनवर बघायचं आहे त्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा आणि कमांड द्या. फोनवर मित्राला सांगतो तशी सांगतो, टाईप अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करा: एनपीएक्स, स्पेस, एचटीटीपी हायफन सर्व्हर. पहिल्या वेळी नेट लागतं, कारण एनपीएक्स ते पॅकेज डाउनलोड करतं, आणि पुढे जाऊ का असं विचारतं. तिथे एंटर दाबण्याआधी नावाचं स्पेलिंग परत बघा. एनपीएक्सला तुम्ही जे नाव द्याल ते पॅकेज ते आणून चालवणार. चुकीच्या नावाखाली भलतंच काही बसलेलं असू शकतं.

सुरू झालं की स्क्रीनवर पत्ते दिसतात. एक १२७.०.०.१ आणि दुसरा साधारण १९२.१६८ ने सुरू होणारा, दोन्हींच्या पुढे ८०८० पोर्ट. हा दुसरा पत्ता फोनमध्ये टाकायचा. फोन आणि लॅपटॉप एकाच वायफायवर पाहिजेत. झालं.

विंडोजवर असाल तर मध्येच फायरवॉलची खिडकी उघडते, नोडला नेटवर्कवर परवानगी द्यायची का म्हणून. तिथे प्रायव्हेट नेटवर्क आणि पब्लिक नेटवर्क असे दोन प्रकार असतात. बहुतेक जण न वाचता दोन्हींवर टिक करून मोकळे होतात. मीही तेच केलं होतं.

माझं काय झालं

पुण्यात पीजीमध्ये राहत होतो, शेवटचं सेमिस्टर. संध्याकाळी सहाच्या सुमारास डाउनलोड्स फोल्डरमधून सर्व्हर सुरू केला, एक सिनेमा फोनवर घेतला आणि टर्मिनल तसंच ठेवून मेसमध्ये जेवायला गेलो. रात्री जिन्यात तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा भेटला. फक्त तोंडओळख. म्हणाला, "भावा, ऑफर लेटर बघितलं तुझं. पॅकेज बरंय." मी हसलो, मग माझं हसू थांबलं. "आधारचा स्कॅनपण आहे त्यात. बंद कर आधी ते."

वायफाय स्लो का आहे ते बघायला त्याने नेटवर्क स्कॅन करणारं ॲप लावलं होतं. त्यात माझा लॅपटॉप दिसला, ८०८० पोर्ट उघडा दिसला, त्याने टॅप केलं आणि माझा सगळा डाउनलोड्स त्याच्या फोनवर. मार्कशीट, पॅन, ताईच्या साखरपुड्याचे फोटो, सगळं नावानिशी यादीत. त्याने कुठलंही हॅकिंग केलं नव्हतं. मीच दार उघडं टाकून जेवायला गेलो होतो.

खोलीत येऊन टर्मिनल बघितलं. प्रत्येक मागणीची एक ओळ तिथे छापलेली असते: वेळ, कोणती फाइल मागितली, कोणता ब्राउझर. मी मेसमध्ये होतो त्या वेळातल्या अकरा ओळी होत्या. त्यातल्या दोन आधारच्या फाइलच्या. पण मागणाऱ्याचा आयपी नव्हता, त्यामुळे हा एकटाच मुलगा होता की अजून कोणी, हे मला आजही माहीत नाही. (आयपी छापायचा असेल तर कमांडच्या शेवटी दोन हायफन लावून लॉग-आयपी हा ऑप्शन द्यावा लागतो. सांगितल्याशिवाय तो चालू नसतो.)

चूक नक्की कुठे होती

पत्त्यात. १२७.०.०.१ म्हणजे हे मशीन स्वतः, यालाच लोकलहोस्ट म्हणतात. सर्व्हर फक्त इथे कान देत असेल तर त्याच लॅपटॉपवरचा ब्राउझर सोडून कोणालाही तो उघडता येत नाही. याउलट ०.०.०.० म्हणजे या मशीनला जितकी नेटवर्क जोडलेली आहेत त्या सगळ्यांवर ऐकायचं. एचटीटीपी-सर्व्हर न सांगता हाच दुसरा पर्याय घेतं. आणि तुम्ही स्वतः नोडमध्ये सर्व्हर लिहिलात, लिसनला फक्त पोर्ट दिला आणि होस्ट दिला नाही, तरी नोडसुद्धा सगळ्या नेटवर्कवर ऐकायला लागतं. नवशिक्यांच्या बहुतेक कोडमध्ये फक्त पोर्टच असतो. चालतंय ना, मग कोण बघतंय!

१९२.१६८ वाला पत्ता खासगी असतो, इंटरनेटवरून तो सरळ गाठता येत नाही, हे खरं. पण पीजी, हॉस्टेल, कॅफे, कॉलेज इथे 'आतलं' नेटवर्क म्हणजे शंभर अनोळखी माणसं. काही ठिकाणी वायफायवरची डिव्हाइसेस एकमेकांना दिसू नयेत अशी सेटिंग केलेली असते, म्हणून कधीकधी सगळं बरोबर करूनही फोनवर पेज उघडत नाही. त्याच्यावर वैतागू नका. ती सेटिंग माझ्या पीजीत असती तर हा लेख लिहावा लागला नसता.

आता मी काय करतो ते सांगतो. फक्त माझ्याच लॅपटॉपवर वेबपेज तपासायचं असेल तर कमांडच्या पुढे हायफन ए, स्पेस, १२७.०.०.१ देतो. फोनवर पाहिजे असेल तर एक नवीन रिकामं फोल्डर करतो, पाहिजे तीच फाइल त्यात टाकतो, आणि फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्यालाच जोडतो. त्या नेटवर्कवर मग आम्ही दोघंच. फाइल फोन आणि लॅपटॉपमध्येच फिरते, त्यामुळे त्यात डेटा पॅक जात नाही. एचटीटीपी-सर्व्हरला युजरनेम आणि पासवर्डही देता येतो, पण साध्या एचटीटीपीवर तो एन्क्रिप्ट न होताच जातो. अनोळखी वायफायवर त्याच्या भरवशावर मी बसणार नाही.

रायन डालने २०१८ मध्ये बर्लिनच्या जेएसकॉन्फमध्ये नोडबद्दल वाटणाऱ्या पश्चात्तापाच्या दहा गोष्टींवर भाषण केलं होतं. त्यात सुरक्षेचा मुद्दा होता, आणि तिथेच त्याने डेनो हा नवा रनटाइम दाखवला. डेनोमध्ये प्रोग्रॅमला नेटवर्क वापरायचं असेल किंवा फाइल वाचायची असेल तर आधी परवानगी लागते. कोणत्या फोल्डरपुरती, कोणत्या पत्त्यापुरती, हेही ठरवता येतं. फोनवरचं ॲप कॅमेरा मागतं तसंच. मला हे पटतं, पण ट्युटोरियलवाले 'सगळ्याला परवानगी' हा ऑप्शन बिनधास्त देतात तेव्हा त्याचा काय उपयोग?

लॅपटॉप नसेल तर

अँड्रॉइड फोनवर टर्मक्स हे ॲप एफ-ड्रॉइडवरून घ्या आणि त्यात पीकेजी, इन्स्टॉल, नोडजेएस ही कमांड द्या. मग छोटीशी फाइल लिहा: रिक्वायरने एचटीटीपी मॉड्यूल आणा, त्यातल्या क्रिएट-सर्व्हरला एक फंक्शन द्या, त्या फंक्शनमध्ये रिस्पॉन्सच्या एंडला तुमचा मजकूर द्या, शेवटी लिसनला ३००० आणि १२७.०.०.१ या दोन्ही गोष्टी द्या. पाच-सहा ओळींत तुमचा फोन सर्व्हर झाला. त्याच फोनच्या ब्राउझरमध्ये उघडून बघा.

एक गंमत होईल. मजकूर 'नमस्कार' असा मराठीत दिलात तर स्क्रीनवर बहुतेक चित्रविचित्र चिन्हं येतील. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ते बाइट कसे वाचायचे हे सर्व्हरने सांगितलं नाही तर ब्राउझर अंदाज लावतो आणि चुकतो. कंटेंट-टाइप या हेडरमध्ये कॅरसेट यूटीएफ-८ असं लिहिलं की नमस्कार नमस्कारच दिसतो.

अजून एक. स्वतःची साइट १९२.१६८ च्या पत्त्याने फोनवर उघडलीत आणि कॅमेरा किंवा लोकेशन चाललं नाही, तर तुमचा कोड बिघडलाय असं समजू नका. ब्राउझर या गोष्टी एचटीटीपीएसवरच देतो, लोकलहोस्टला मात्र सूट आहे.

सर्व्हर बंद करायला कंट्रोल आणि सी दाबा. टर्मक्समध्ये व्हॉल्यूम डाउनचं बटण धरून सी दाबलं तरी चालतं. मॅक आणि लिनक्सवर बरेच जण चुकून कंट्रोल-झेड दाबतात. त्याने सर्व्हर झोपतो, बंद होत नाही, पोर्ट अडकूनच राहतो आणि पुढच्या वेळी तो पत्ता आधीच वापरात असल्याची एरर येऊ शकते. बंद झालाय का हे फोनवरून तपासायचं तर इन्कॉग्निटो टॅब वापरा. एचटीटीपी-सर्व्हर ब्राउझरला फाइल ३६०० सेकंद, म्हणजे एक तास, साठवून ठेवायला सांगतं. त्यामुळे साध्या टॅबमध्ये आधी बघितलेली फाइल सर्व्हर बंद असतानाही उघडू शकते.