पटावरून डेमो बोर्डाकडे

मीरा रोडच्या मोठ्या गृहसंकुलांत सुट्टीच्या दिवशी बुद्धिबळाचे वर्ग भरतात. डेमो बोर्डापाशी कधी सर असतात, कधी मॅडम. बुद्धिबळ शिकवणाऱ्या बाईचं आज कुणाला नवल वाटत नाही. पन्नास वर्षांपूर्वी मात्र बायकांना खेळायलाच जागा मिळवावी लागत होती.

महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1974 साली झाली आणि मुंबईच्या वासंती खाडिलकर जिंकल्या. 1983पर्यंत हे विजेतेपद वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन बहिणींच्या घरातच फिरत राहिलं. 1976 मध्ये रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तर केवढा गहजब! शेवटी फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निकाल दिला, की बाई म्हणून कुणाला अडवता येणार नाही.

खाडिलकरांची सद्दी मोडली ती सांगलीच्या भाग्यश्री साठे (ठिपसे) आणि मुंबईच्या अनुपमा अभ्यंकर (गोखले) यांच्या पिढीने. दोघींनीही राष्ट्रीय विजेतेपद पाच-पाच वेळा मिळवलं. अनुपमा 1985 आणि 1987 मध्ये आशियाई विजेत्या ठरल्या. 1986 ची पद्मश्री मिळाली तेव्हा त्या जेमतेम सोळा वर्षांच्या होत्या. त्यांचे पती, प्रशिक्षक रघुनंदन गोखले यांचा द्रोणाचार्य पुरस्कारही 1986 चाच.

त्या काळी लांबलेला डाव तहकूब व्हायचा. पुढची खेळी कागदावर लिहून पाकिटात बंद करायची, पाकीट पंचांच्या ताब्यात द्यायचं आणि रात्रभर खोलीत छोट्या पटावर तीच स्थिती उसवत बसायचं. उंट आणि प्याद्याच्या एंडगेममध्ये नेमकं कुठे निसटायचं, हे सांगणारं संगणक इंजिन नव्हतं. माझ्या मते त्या पिढीची खरी शिकवणी अशा रात्रींतच झाली. आज वर्गातला मुलगा फोनवर इंजिनाचा आकडा पाहून म्हणतो, ‘मॅडम, पांढरा जिंकतोय.’ कसा, ते मात्र त्याला सांगता येत नाही. ते सांगता येईपर्यंत पटापाशी बसवणं हेच मॅडमचं काम. पालकांना घाई असते ती मानांकनाची. 2024 पासून फिडेची मानांकन यादी 1400 गुणांच्या खाली जात नाही, त्यामुळे तिथे नाव लागणंच अवघड झालंय.

खेळाडूने शिकवण्याकडे वळायचं, तर आता रस्ता आखलेला आहे. फिडे परवाने देते, ‘फिडे ट्रेनर’सारखे किताब देते. 1999 मध्ये अठरा वर्षांखालील मुलींचं विश्वविजेतेपद मिळवलेल्या आरती रामस्वामी यांनी पती आर. बी. रमेश यांच्यासोबत चेन्नईत ‘चेस गुरुकुल’ उभं केलं. ग्रँडमास्टर प्रज्ञानंद तिथे घडला. आपल्याकडे मात्र वाटणी अजून जुनीच दिसते: प्यादं कसं चालतं ते मॅडमनी शिकवायचं, मुलगा जरा चमकला की सरांकडे धाडायचा.

वरच्या पातळीवर तरी निराळं काय आहे? महिला ऑलिंपियाडमध्ये 2022 चं कांस्य आणि 2024 चं बुडापेस्टचं सुवर्ण भारताने जिंकलं, तेव्हा संघाचे न खेळणारे कर्णधार होते पुण्याचे अभिजित कुंटे. त्यांच्या कामात खोट काढायला जागा नाही. तरीही त्या खुर्चीत एखादी माजी राष्ट्रीय विजेती बसलेली मला बघायची आहे.