बॅलास्ट (मोटारशर्यत)

मोटारशर्यतीत गाडीचे वजन नियमाने ठरवून दिलेल्या पातळीपर्यंत आणण्यासाठी किंवा अधिक वेगवान गाडीचा वरचष्मा कमी करण्यासाठी तीत जे जादा वजन बसवले जाते, त्याला बॅलास्ट असे म्हणतात. गाडी चालण्यासाठी या वजनाचा काहीही उपयोग नसतो. ते केवळ वाहून न्यायचे असते. निरनिराळ्या बनावटीच्या, वयाच्या आणि शक्तीच्या गाड्या एकाच शर्यतीत उतरतात अशा हौशी स्पर्धांमध्ये बॅलास्टला विशेष महत्त्व आहे. इंजिन बदलण्यापेक्षा वजन वाढवणे स्वस्त पडते आणि ते काट्यावर सहज तपासता येते. गाड्यांमधील फरक शक्य तितका मिटवून चालकांच्या कौशल्यातील फरक समोर आणणे, हा बॅलास्टचा मूळ हेतू होय.

संज्ञा व पूर्वपीठिका

बॅलास्ट हा शब्द नौकानयनातून आला आहे. रिकामे जहाज पाण्यात स्थिर राहावे म्हणून त्याच्या तळाशी जे वजन भरले जाते, त्याला बॅलास्ट म्हणतात. रेल्वेच्या रुळांखाली पसरलेल्या खडीलाही हीच संज्ञा आहे. मोटारशर्यतीत मात्र तिचा अर्थ भरपाईचे किंवा अडसराचे वजन असा झाला आहे.

वजन लादून स्पर्धकांना समान पातळीवर आणण्याची कल्पना मोटारींपेक्षा जुनी असून ती घोड्यांच्या शर्यतींत रूढ झाली. इंग्लंडमध्ये ॲडमिरल हेन्री जॉन रूस यांची १८५५ मध्ये सार्वजनिक हँडिकॅपर म्हणून नेमणूक झाली. घोड्याचे वय आणि कामगिरी पाहून त्याने किती वजन वाहावे हे ठरवण्याच्या पद्धतीला त्यांनी शिस्तबद्ध रूप दिले. मुंबईच्या महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवरील हँडिकॅप शर्यती याच तत्त्वावर चालतात. जॉकीचे वजन कमी भरल्यास खोगिराबरोबर शिशाच्या पट्ट्या घेऊन ते पुरे केले जाते.

भौतिक तत्त्व

न्यूटनच्या दुसऱ्या नियमानुसार बल तेवढेच ठेवून वस्तुमान वाढवल्यास त्वरण त्याच प्रमाणात घटते. १,००० किलोच्या गाडीत ५० किलो बॅलास्ट बसवल्यास त्याच इंजिनावर तिचे त्वरण सुमारे ५ टक्क्यांनी कमी होते. म्हणूनच गाड्यांची तुलना करताना केवळ अश्वशक्ती न पाहता शक्ती आणि वजन यांचे गुणोत्तर पाहिले जाते. १५० अश्वशक्ती व १,००० किलो वजनाची गाडी आणि १६५ अश्वशक्ती व १,१०० किलो वजनाची गाडी यांचे हे गुणोत्तर सारखेच आहे.

वजनाचा परिणाम त्वरणापुरता मर्यादित नसतो. टायरवरील भार दुप्पट झाला तरी त्याची पकड पूर्ण दुप्पट होत नाही. त्यामुळे जड गाडीला वळणावर वेग थोडा कमी ठेवावा लागतो. ब्रेक लावताना गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. वजन वाढले की ही उष्णताही वाढते आणि दीर्घ शर्यतीत ब्रेक व टायर लवकर झिजतात. याउलट, लांब सरळ मार्गावरील सर्वोच्च वेग मुख्यतः हवेच्या विरोधावर अवलंबून असल्याने त्यावर वजनाचा परिणाम अल्प असतो. परिणामी, वारंवार वेग कमी-जास्त करावा लागणाऱ्या धावपट्टीवर तेवढेच बॅलास्ट अधिक जाणवते, तर लांब सरळ पट्ट्यांच्या धावपट्टीवर कमी जाणवते.

प्रकार

उद्देशानुसार बॅलास्टचे तीन प्रकार पडतात.

किमान वजनासाठीचे बॅलास्ट: अनेक स्पर्धांत चालकासह गाडीचे किमान वजन ठरलेले असते. सारख्याच गाड्यांमध्ये एक चालक ६० किलोचा व दुसरा ९० किलोचा असेल, तर हलक्या चालकाला विनासायास फायदा मिळतो. तो राहू नये म्हणून हलक्या चालकाच्या गाडीत वजन भरले जाते. कार्टिंगमध्ये वाहन अत्यंत हलके असल्याने चालकाच्या वजनाचा वाटा मोठा ठरतो. त्यामुळे तेथे आसनाला शिशाच्या पट्ट्या बोल्टने जोडणे ही नित्याची बाब आहे.

प्रकारानुसार दिलेले बॅलास्ट: गाडीच्या विशिष्ट प्रतिमानाची क्षमता पाहून त्या प्रतिमानाच्या सर्व गाड्यांना सारखे जादा वजन दिले जाते. येथे चालक कोण आहे, हे पाहिले जात नाही.

यशानुसार दिलेले बॅलास्ट: आधीच्या शर्यतींत मिळालेल्या क्रमांकावरून किंवा गुणांवरून पुढील शर्यतीसाठी वजन ठरते. जपानमधील सुपर जीटी मालिकेत प्रत्येक गुणामागे २ किलो वजन वाढवण्याची पद्धत रूढ झाली. हंगामाच्या शेवटी हे प्रमाण कमी होते आणि अंतिम शर्यत यशाच्या वजनाविना होते.

हौशी शर्यतींतील वापर

अमेरिकेतील स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका ही १९४४ मध्ये स्थापन झालेली संस्था हौशी शर्यतींचे मोठे व्यासपीठ आहे. तिचा ‘स्पेक मियाटा’ हा वर्ग प्रकारानुसार दिलेल्या वजनाचे ठळक उदाहरण होय. या वर्गात माझदा मियाटा या एकाच मोटारीच्या दोन पिढ्या एकत्र धावतात. सुरुवातीच्या गाड्यांत १.६ लिटरचे, तर नंतरच्या गाड्यांत १.८ लिटरचे इंजिन आहे. हा फरक भरून काढण्यासाठी प्रत्येक उपप्रकाराला चालकासह वेगळे किमान वजन ठरवून दिले जाते. काही उपप्रकारांच्या इंजिनात जाणारी हवा मर्यादित करणारी छिद्रयुक्त पट्टीही बसवावी लागते. त्यामुळे जुनी, स्वस्त गाडी असलेल्या चालकालाही नव्या गाडीशी झुंज देता येते.

अमेरिकेतीलच नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन ही संस्था काही वर्गांत गाडीचे प्रतिमान न पाहता थेट शक्ती-वजन गुणोत्तर ठरवते. उदाहरणार्थ, ‘सुपर टूरिंग ४’ या वर्गाची मूळ मर्यादा प्रत्येक अश्वशक्तीमागे १२ पौंड अशी असून टायर व इतर बाबींनुसार तीत फेरफार होतो. मूळ मर्यादेनुसार २०० अश्वशक्तीच्या गाडीचे वजन किमान २,४०० पौंड, म्हणजे सुमारे १,०८९ किलो हवे. इंजिनाची शक्ती १० अश्वशक्तीने वाढवल्यास आणखी १२० पौंड, म्हणजे सुमारे ५४ किलो वजन वाढवावे लागते. अर्थात, इंजिनावर अधिक खर्च करणाऱ्याचा फायदा बऱ्याच अंशी आपोआप मर्यादित होतो. मर्यादित खर्चात खेळणाऱ्या हौशी चालकांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

साहित्य, स्थान व सुरक्षितता

बॅलास्टसाठी पोलाद, शिसे किंवा टंगस्टन वापरतात. १० किलो पोलाद सुमारे १.२७ लिटर जागा व्यापते, तेवढेच शिसे सुमारे ०.८८ लिटर, तर टंगस्टन सुमारे ०.५२ लिटर. टंगस्टन महाग असल्याने ते मुख्यतः व्यावसायिक शर्यतींत आढळते. हौशी गाड्यांत शिशाच्या विटा किंवा पोलादी पट्ट्या चालतात.

वजन कोठे बसवले यावरही बरेच अवलंबून असते. गाडीच्या मध्याजवळ व तळाशी बसवलेले वजन वळणावर कमी त्रासदायक ठरते. चालकाचे शरीर उंचावर असते, तर शिशाची पट्टी थेट तळाला जोडता येते. त्यामुळे एकूण वजन समान होऊनही हलक्या चालकाचा थोडा फायदा शिल्लक राहतो. हा फायदा रोखण्यासाठी फॉर्म्युला वनमध्ये २०१९ मध्ये चालक व आसन यांचे मिळून किमान ८० किलो वजन ठरवण्यात आले आणि कमी पडणारे वजन आसनाच्या परिसरातच बसवण्याचे बंधन घालण्यात आले. हौशी गाड्यांत सहप्रवाशाच्या आसनाची किंवा त्याच्या पायांजवळची जागा सामान्यतः वापरली जाते.

सैल बॅलास्ट जिवावर बेतू शकते. टक्कर होऊन गाडीचा वेग गुरुत्वत्वरणाच्या २० पट दराने कमी झाला, तर २० किलोचा तुकडा सुमारे ४०० किलो भाराइतक्या बलाने आपल्या जागेवरून सुटू पाहतो. म्हणून बॅलास्ट घन तुकड्यांच्या स्वरूपात असावे आणि आरपार बोल्ट, रुंद वॉशर व न सुटणारे नट यांनी गाडीच्या सांगाड्याला किंवा तळपत्र्याला घट्ट जोडावे, असा दंडक असतो. वाळूच्या पिशव्या किंवा पट्ट्याने बांधलेली वजने चालत नाहीत.

तपासणी व गैरप्रकार

शर्यत संपताच गाडी चालकासह काट्यावर नेली जाते. शर्यतीत इंधन जळते आणि टायर झिजतात, म्हणून अनुभवी स्पर्धक काही किलोंची जादा मुभा ठेवतात. वजन थोडे कमी भरले तरी सामान्यतः निकाल रद्द होतो. २०२४ च्या बेल्जियन ग्रां प्रीमध्ये पहिला आलेला जॉर्ज रसेल याची गाडी १.५ किलोने कमी भरल्याने तो बाद ठरला. १९८४ मध्ये टिरेल या फॉर्म्युला वन संघाच्या गाडीतील टाकीच्या पाण्यात शिशाचे छर्रे आढळले. पक्के न जोडलेले बॅलास्ट वापरणे हा संघावरील आरोपांपैकी एक होता आणि त्याचे त्या हंगामातील सर्व निकाल रद्द करण्यात आले.

वजन टाळण्यासाठी शर्यतीत मुद्दाम मागे राहणे किंवा चाचणीच्या वेळी इंजिनाची खरी शक्ती दडवणे, हे गैरप्रकार ओळखणे अधिक कठीण असते.

मर्यादा व टीका

मुख्य आक्षेप यशानुसार दिलेल्या बॅलास्टवर आहे. प्रकारानुसार दिलेले वजन गाडीच्या अंगभूत फायद्याची भरपाई करते. यशानुसार दिलेले वजन मात्र गाडी चांगली आणि चालक चांगला यांत भेद करू शकत नाही; उत्तम सराव करून जिंकणाऱ्यालाही ते तितकेच भोवते. या पद्धतीचे समर्थक असे मांडतात की त्यामुळे विजेतेपदाची चुरस हंगामाच्या शेवटपर्यंत टिकते आणि मागे पडलेले स्पर्धक खेळ सोडून जात नाहीत.

जर्मनीतील डीटीएम मालिकेने २०१७ चा हंगाम चालू असतानाच कामगिरीनुसार वजन देणे थांबवले. ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत २०२१ पर्यंत यशानुसार बॅलास्ट होते. २०२२ ते २०२४ या काळात गाड्यांत संकरित प्रणाली होती आणि आघाडीवरील चालकांना वजन देण्याऐवजी त्यांच्या विद्युतशक्तीच्या वापरावर मर्यादा घालण्यात आली. हौशी शर्यतींत मात्र शिशाची वीट आणि वजनकाटा हीच समानतेची सर्वांत परवडणारी साधने राहिली आहेत.